शाईची रेघ आणि यंत्राचे वाचन : डिजिटल हस्तलिखित वहीचा इतिहास

टॅब्लेटवर हाताने टिपणे काढण्यासाठी कोणते ॲप घ्यावे, हा प्रश्न आज विद्यार्थी, प्राध्यापक, वकील, डॉक्टर अशा अनेकांपुढे उभा राहतो, आणि त्याचे उत्तर बहुधा किंमत, पानांचे नमुने, लेखणीचे प्रकार आणि शाईचे रंग यांच्या तुलनेतून शोधले जाते. ही तुलना निरुपयोगी नाही. परंतु या ॲपांमधले जे भेद पुढे वर्षानुवर्षे जाणवत राहतात, ते तिच्यात क्वचितच येतात. ते भेद एका जुन्या वादातून आलेले आहेत. हाताने लिहिलेली ओळ यंत्रासमोर आली की ती ताबडतोब वाचून तिचे छापील अक्षरांत रूपांतर करावे, की ती जशी उमटली तशीच जपून ठेवावी, हा तो वाद होय. सुमारे सात दशकांच्या काळात कंपन्यांनी आणि संशोधकांनी कधी एक बाजू घेतली, कधी दुसरी. त्यात काही यंत्रे बुडाली, काही तगली, आणि आजच्या प्रत्येक टिपणवहीत या वादाचा एखादा तरी अवशेष शिल्लक आहे.

हस्ताक्षर विजेच्या स्वाधीन करण्याचा पहिला नावाजलेला प्रयत्न संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. अमेरिकन संशोधक एलिशा ग्रे याने 1888 मध्ये टेलॉटोग्राफ या यंत्राचे पेटंट मिळवले. एका टोकाला माणसाने लेखणीने लिहावे, त्या हालचालींचे विजेच्या प्रवाहातील बदलांत रूपांतर व्हावे, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला जोडलेल्या लेखणीने तेच अक्षर त्याच वळणात कागदावर काढावे, अशी त्याची रचना होती. 1893 च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात ते मांडले गेले, आणि पुढे अनेक वर्षे रेल्वे स्थानकांत व रुग्णालयांत त्याचा वापर होत राहिला. या यंत्राला अक्षर वाचता येत नव्हते, आणि तशी अपेक्षाही नव्हती. त्याचे काम हालचाल दूर पोचवण्याचे होते, आणि ते काम ते चोख करीत असे.

अक्षर वाचणारे यंत्र हवे, ही मागणी संगणकाबरोबर आली, कारण संगणकाला हालचाल नको होती, त्याला चिन्हे हवी होती. बेल प्रयोगशाळेतील टॉम डायमंड यांनी 1957 मध्ये मांडलेल्या स्टायलेटर या उपकरणात लिहिण्याच्या पट्टीवर दोन ठिपके होते आणि त्यांच्यापासून फाकणाऱ्या विद्युतवाहक रेषा होत्या. लिहिणाऱ्याने आकडा त्या दोन ठिपक्यांभोवती काढायचा, आणि लेखणी कोणकोणत्या रेषा ओलांडून गेली यावरून यंत्राने आकडा ओळखायचा. युक्ती अतिशय साधी होती, पण तिने एक पायंडा पाडला. यंत्राला वाचता यावे म्हणून लिहिणाऱ्याने आपल्या हाताला शिस्त लावायची, हा करार येथे प्रथम झाला, आणि पुढची चाळीस वर्षे तो वेगवेगळ्या अटींवर पुन्हा पुन्हा होत राहिला.

यानंतरचा टप्पा कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथील रँड कॉर्पोरेशनचा आहे, आणि तो थोडा विस्ताराने पाहण्यासारखा आहे, कारण आजच्या प्रत्येक टॅब्लेटचे तत्त्व तेथे स्पष्ट झाले. माल्कम डेव्हिस आणि टॉम एलिस यांनी अमेरिकन संरक्षण खात्याच्या संशोधनसंस्थेच्या पैशातून 1964 च्या सुमारास रँड टॅब्लेट सिद्ध केला. सुमारे दहा इंच लांब आणि दहा इंच रुंद अशा पृष्ठभागाखाली तांब्याच्या अतिशय बारीक रेषांची आडवी-उभी जाळी छापलेली होती. दोन्ही दिशांना 1024 अशा स्थानांमुळे दहा लाखांहून अधिक बिंदू वेगवेगळे ओळखता येत. जाळीतल्या प्रत्येक रेषेतून ठरावीक क्रमाने विजेचे स्पंद जात, आणि लेखणीच्या टोकाने ते टिपले की त्यांवरून लेखणी नेमकी कोठे आहे हे कळे. म्हणजे यंत्राच्या हाती येत होती ती चित्रासारखी अखंड रेघ नसून स्थानांच्या जोड्यांची एक मालिका होती: लेखणी येथे टेकली, मग येथे सरकली, मग येथून उचलली. लेखणी टेकल्यापासून उचलेपर्यंतच्या अशा एका मालिकेला स्ट्रोक म्हणतात. कागदाचे छायाचित्र काढले तर अक्षराचा आकार मिळतो, पण ते कोणत्या क्रमाने, कोणत्या दिशेने, किती वेगाने लिहिले गेले हे हरवते. स्ट्रोकमध्ये ते सगळे टिकून राहते. हस्ताक्षर ओळखण्याच्या शास्त्रात छायाचित्रावरून वाचणे आणि स्ट्रोकवरून वाचणे या दोन वेगळ्या शाखा झाल्या, त्या याच भेदावरून.

रँडमधील मंडळींनी या टॅब्लेटवर ग्रेल नावाची प्रणाली उभारली. तिच्यात वापरणाऱ्याने वेडीवाकडी चौकट काढली की पडद्यावर नीटनेटकी चौकट उमटे, हाताने अक्षर काढले की त्याच्या जागी छापील अक्षर येई, आणि खोडल्यासारखी लेखणी फिरवली की खालचा मजकूर नाहीसा होई. साठच्या दशकात हे घडत होते हे लक्षात घेतले म्हणजे त्या कामाची उंची कळते. मात्र येथेच वादाची पहिली बाजू पक्की झाली. माणसाची रेघ हा केवळ निरोप होता. तो यंत्राला पोचला की रेघेचे काम संपले आणि ती पुसली गेली. पुढच्या पिढीतील ॲलन के यांनी 1972 मध्ये मुलांच्या हाती देता येईल अशा वहीएवढ्या संगणकाची, म्हणजे डायनाबुकची, कल्पना मांडली. पण तेवढे लहान आणि स्वस्त यंत्र घडवण्याची साधने तेव्हा नव्हती.

ती साधने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हाताशी आली. जेफ हॉकिन्स यांनी घडवलेला ग्रिडपॅड 1989 मध्ये बाजारात आला. सुटी, स्वच्छ अक्षरे त्याला वाचता येत, आणि उभ्याने नोंदी करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे छापील नमुने भरण्यासाठी तो घेतला गेला. मात्र वहीची कल्पना ज्यांनी खऱ्या अर्थाने गांभीर्याने घेतली, ती मंडळी दुसरीकडे होती. जेरी कॅप्लान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये गो कॉर्पोरेशन ही कंपनी स्थापन केली आणि लेखणीवर चालणाऱ्या संगणकासाठी पेनपॉइंट ही कार्यप्रणाली लिहिली. पेनपॉइंटचा पडदा म्हणजे एक वही होती. पहिल्या पानावर अनुक्रमणिका, उजव्या कडेला विभागांच्या पट्ट्या, आणि प्रत्येक दस्तऐवज म्हणजे त्या वहीतले एक पान. आधी प्रोग्रॅम उघडा, मग फाइल उघडा, मग ती साठवा, असा खटाटोप तेथे नव्हता. पान उलटले की मागचे पान आपोआप जपले जाई. शब्दावर फुली मारली की तो जाई. छापखान्यातील मुद्रितशोधक ज्या प्रकारच्या खुणा करतात, त्याच प्रकारच्या खुणांवर त्या वहीचा कारभार चाले.

पेनपॉइंट चालवणारी यंत्रे जड होती, त्यांची बॅटरी लवकर उतरे, आणि त्यांची किंमत सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेरची होती. मायक्रोसॉफ्टने 1992 मध्ये लेखणीसाठी विंडोजची वेगळी आवृत्ती काढून स्पर्धा उभी केली. गोची शाखा म्हणून निघालेल्या ईओ या कंपनीचे उपकरण 1993 मध्ये आले. एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीने हा सगळा व्यवसाय ताब्यात घेतला आणि 1994 मध्ये गुंडाळला. कॅप्लान यांनी हा इतिहास स्वतःच ग्रंथरूपाने लिहिला आहे. व्यवसाय म्हणून गो अपयशी ठरली, यात शंका नाही. तथापि आजच्या कोणत्याही टिपणवहीच्या ॲपमध्ये जी वह्यांची मांडणी, कडेच्या पट्ट्या आणि आपोआप जपली जाणारी पाने दिसतात, त्यांचे ऋण या बुडालेल्या कंपनीकडे जाते, आणि ते फारसे कोणी मान्य करीत नाही.

ॲपलच्या न्यूटनची कीर्ती मात्र टिकली, आणि ती त्याच्या चुकांमुळे टिकली. न्यूटन मेसेजपॅड ऑगस्ट 1993 मध्ये 699 डॉलरला विक्रीस आला. त्यातील हस्ताक्षर वाचणारा भाग मॉस्कोतील स्टेपान पाचिकोव यांच्या पॅराग्राफ या कंपनीने तयार केला होता. जोडून लिहिलेले अक्षर वाचण्याचे अवघड काम त्याने अंगावर घेतले होते, आणि त्यासाठी तो शब्दकोशाचा आधार घेई: लिहिलेल्या रेघा कोणत्या ज्ञात शब्दाशी सर्वांत जुळतात, हे तो शोधी. या पद्धतीत एक धोका दडलेला होता. एखादे अक्षर चुकले तर वाचणाऱ्याला शब्द सहज सावरून घेता येतो. पण शब्दकोशातून उचललेला शब्दच चुकला, तर वाक्याच्या मधोमध एक संपूर्ण, शुद्ध आणि सर्वस्वी असंबद्ध शब्द येऊन बसतो. डून्सबरी या लोकप्रिय व्यंगचित्रमालिकेने त्याच महिन्यात या चुकांची खिल्ली उडवली, आणि उपकरणाच्या नावाला लागलेला तो डाग पुढे पुसला गेला नाही.

या थट्टेमुळे न्यूटनचा उत्तरार्ध झाकला गेला, हे इतिहासाच्या दृष्टीने नुकसानीचे आहे. त्याच्या कार्यप्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीत ॲपलमध्येच घडवलेला, सुटी अक्षरे वाचणारा नवा भाग आला आणि तो बराच विश्वासार्ह होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, लिहिलेले शब्द न वाचता शाईच्याच रूपात ठेवण्याची सोय तेथे मिळाली. असे शब्द दिसायला हस्ताक्षर असत, पण मध्ये नवा शब्द घातला की छापील मजकुराप्रमाणे पुढे सरकत आणि ओळ संपली की खालच्या ओळीत उतरत. वाचन करायचे असेल तर ते सवडीने नंतर करता येई. स्टीव्ह जॉब्ज यांनी फेब्रुवारी 1998 मध्ये न्यूटन बंद केला तेव्हा या कल्पनेला पुरता बहर आलेला नव्हता.

त्याच काळात ग्रिडपॅडवाल्या हॉकिन्स यांनी उलटा मार्ग धरला. 1996 च्या पाम पायलटमध्ये ग्रॅफिटी नावाची लिपी होती. तिच्यात बहुतेक रोमन अक्षरे लेखणी न उचलता एकाच स्ट्रोकमध्ये काढायची असत. यंत्राला माणसाचे अक्षर शिकवण्याऐवजी माणसानेच यंत्रासाठी नवी बाराखडी गिरवायची, असा हा सौदा होता, आणि लोकांनी तो आनंदाने पत्करला, कारण यंत्र चुकत नसे. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात डेव्हिड गोल्डबर्ग यांनी एकस्ट्रोकी लिपी आधीच मांडलेली होती. त्यावरून झेरॉक्सने 1997 मध्ये खटला भरला आणि तो 2006 मध्ये 2 कोटी 25 लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांच्या पुढाकाराने घडलेल्या सिम्प्युटर या स्वस्त हातसंगणकातही लेखणीच्या हालचालींनी अक्षरे भरण्याची टॅपाटॅप नावाची पद्धत होती. दूरध्वनी क्रमांक किंवा भेटीची वेळ टिपण्यासाठी अशा पद्धती उत्तम होत्या. परंतु तासभराचे व्याख्यान उतरवताना, समीकरणे, बाण, आकृत्या आणि समासातील शंका यांसह जे लिहिले जाते, ते एका चौकोनात एकेक अक्षर काढून होणारे नव्हते.

वादाची दुसरी बाजू प्रथम मोठ्या प्रमाणावर बाजारात आली ती 7 नोव्हेंबर 2002 रोजी मायक्रोसॉफ्टने टॅब्लेट पीसी आणला तेव्हा. त्यासोबतच्या विंडोज जर्नल या वहीत आणि पुढच्या वर्षी आलेल्या वननोटमध्ये शाई ही स्वतंत्र प्रकारची माहिती मानलेली होती. लिहिणाऱ्याने लिहीत राहायचे. यंत्राने पाठीमागे, गाजावाजा न करता, ते वाचायचे. आणि त्या वाचनाचा उपयोग शोध घेताना करायचा. पाचिकोव यांच्या पुढच्या वाटचालीत हाच बदल अधिक ठळक दिसतो. न्यूटनमध्ये ज्यांच्या कंपनीच्या वाचकयंत्राची थट्टा झाली, त्याच पाचिकोव यांनी पुढे एव्हरनोटचा पाया घातला, आणि 2008 मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या त्या सेवेत हस्ताक्षराच्या चित्रातील एका शब्दाची एकापेक्षा अधिक संभाव्य वाचने, प्रत्येकाच्या शक्यतेसह, साठवली जात. शोधलेला शब्द त्यांपैकी कोणत्याही वाचनाशी जुळला की पान समोर येई. वाचणारे तंत्र चुकत राहिले, पण त्याची चूक आता लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वाक्य विस्कटत नव्हती. फार तर शोधात एखादे अनावश्यक पान जास्त येई. हस्ताक्षर ओळखण्याच्या इतिहासातील हा सर्वांत फलदायी बदल होता, आणि तो वाचनाच्या अचूकतेपेक्षा वाचनाची जागा बदलण्यातून घडला.

कागदावरच लिहून त्याची डिजिटल प्रत मिळवण्याचाही एक समांतर मार्ग होता. स्वीडनमधील अनोटो कंपनीने बारीक ठिपक्यांची जाळी छापलेला कागद आणि टोकाशी कॅमेरा असलेले पेन अशी जोडी काढली. ठिपके जाळीतील नेमक्या जागेपासून किंचित सरकवलेले असल्यामुळे पेनला पानावरील आपले स्थान कळे. 2008 मध्ये आलेल्या लाइव्हस्क्राइबच्या पेनने त्यात आवाजाची भर घातली. व्याख्यान ऐकत लिहिलेल्या शब्दावर नंतर पेन टेकवले की तो शब्द लिहिताना वक्ता काय बोलत होता ते ऐकू येई. ही सोय आज नोटॅबिलिटीसारख्या ॲपांत आहे, आणि ती शक्य होते याचे कारण पुन्हा स्ट्रोकच: प्रत्येक रेघेसोबत ती उमटल्याची वेळ नोंदलेली असते.

2010 मध्ये आयपॅड आला तेव्हा तो बोटासाठी घडवलेला होता आणि लेखणीला त्यात स्थान नव्हते. तरीही त्याच वर्षी पेनअल्टिमेट आणि नोटॅबिलिटी, पुढच्या वर्षी गुडनोट्स अशी हस्तलिखित वह्यांची ॲपे आली. लिहिणारे रबरी टोकाच्या जाड लेखण्यांनी लिहीत, आणि तळहात पडद्याला लागून भलत्याच रेघा उमटू नयेत म्हणून ॲपांना नाना उपाय करावे लागत. सॅमसंगने 2011 च्या गॅलक्सी नोटमध्ये जपानच्या वाकॉम कंपनीचे तंत्र घेतले. त्यात पडद्याखालील चुंबकीय क्षेत्रातूनच लेखणीला ऊर्जा मिळते, त्यामुळे लेखणीत बॅटरी लागत नाही. ॲपलने स्वतःची पेन्सिल 2015 च्या अखेरीस आणली. तेव्हापासून स्पर्धेचा एक मापदंड ठरून गेला, तो म्हणजे विलंब: लेखणी सरकल्यापासून पडद्यावर शाई दिसेपर्यंतचा काळ. हा विलंब जास्त असला की शाई लेखणीच्या मागे रेंगाळताना दिसते आणि अक्षर बिघडते. ॲपलने आपला विलंब 20 मिलिसेकंदांवरून 2019 मध्ये 9 वर आणल्याचे सांगितले. पुढचा बिंदू कोठे येईल याचा अंदाज बांधून रेघ थोडी आधीच काढणे, हा त्यातील एक भाग होता. नॉर्वेतील रीमार्केबलने 2017 मध्ये इलेक्ट्रॉनिक कागदाची वही काढली. असा कागद स्वतः प्रकाश फेकत नाही, त्यातील सूक्ष्म काळे-पांढरे कण सरकून अक्षर दिसते, म्हणून तो डोळ्यांना शांत वाटतो, पण कण सरकायला वेळ लागतो. तरी 2020 च्या दुसऱ्या आवृत्तीत विलंब 21 मिलिसेकंदांपर्यंत खाली आला. याच दशकात हाताने टिपणे काढल्याने विषय अधिक समजतो, असा निष्कर्ष काढणारा प्रिन्स्टनमधील संशोधकांचा 2014 चा अभ्यास फार उद्धृत झाला. 2019 मध्ये त्याच प्रयोगाची फेरतपासणी झाली तेव्हा परिणाम बराच सौम्य आढळला, परंतु तोवर लेखणीची बाजारपेठ उभी राहिली होती.

या सगळ्या इतिहासात गृहीत धरलेली लिपी रोमन आहे, आणि मराठी लिहिणाऱ्याच्या दृष्टीने खरी अडचण येथे सुरू होते. ‘मूर्ती’ हा शब्द हाताने कसा उतरतो ते पाहावे. आधी म, मग त्याच्या पायाशी ऊकार, मग त, मग वेलांटी, आणि त्यानंतर मागे येऊन त वर रफार. शिरोरेषा सर्वांत शेवटी, किंवा घाईत असल्यास मुळीच नाही. उच्चारात आणि संगणकाच्या साठवणीत मात्र तो र त च्या आधी येतो. ‘किती’ मधल्या पहिल्या वेलांटीची काठी कित्येकांच्या हातून क च्या आधी उमटते, तर साठवणीत ती क नंतर येते. म्हणजे स्ट्रोकचा काळातला क्रम आणि मजकुरातला क्रम यांचा देवनागरीत मेळ बसत नाही, आणि रोमनमध्ये टी ची आडवी रेघ किंवा आय वरचा ठिपका एवढ्यापुरती असणारी ही समस्या येथे प्रत्येक दुसऱ्या अक्षरात येते. शिरोरेषा कोणी अक्षरागणिक देतो, कोणी शब्दागणिक, कोणी सलग ओळभर. ती एकाच वेळी सगळ्या अक्षरांना चिकटलेली असल्यामुळे एक अक्षर कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले हे यंत्राला ठरवता येत नाही. जोडाक्षरे ही त्यावरची आणखी एक पायरी.

या प्रश्नावर सुरुवातीचे महत्त्वाचे काम भारतातच झाले, आणि त्याची नोंद मुख्य इतिहासात फारशी घेतली जात नाही. बंगळुरू येथील एचपीच्या प्रयोगशाळेने या शतकाच्या पहिल्या दशकात देवनागरीसाठी हावभावी कळफलक काढला. त्याच्या पट्टीवर मूळ व्यंजने छापलेली असत. वापरणाऱ्याने हव्या त्या व्यंजनावर लेखणी टेकवून, शाळेत शिकल्याप्रमाणे, त्याला काना, मात्रा किंवा वेलांटी द्यायची. सगळे अक्षर ओळखण्याऐवजी केवळ स्वरचिन्ह ओळखायचे असल्यामुळे चुका कमी होत, आणि लिहिणाऱ्याची बाराखडीची सवय तशीच कामी येई. ग्रॅफिटीच्या तुलनेत ही तडजोड कितीतरी अधिक समंजस होती, असे म्हणावे लागते. त्याच प्रयोगशाळेने लिपी टूलकिट हा हस्ताक्षर ओळखण्याचा साधनसंच सर्वांसाठी खुला केला. पुढे सरकारी मदतीने भारतीय लिपींसाठी अनेक संस्थांचा एकत्रित प्रकल्प चालला. गूगलने 2015 मध्ये फोनसाठी काढलेल्या हस्ताक्षर-कळफलकात 82 भाषा आणि 20 लिप्या होत्या, आणि मोठ्या संख्येने नमुने जमवून शिकवलेल्या यंत्रांमुळे देवनागरीचे वाचन आता पूर्वीपेक्षा पुष्कळच सुधारले आहे.

तरीही टिपणवह्यांच्या ॲपांत हे वाचन सरसकट पोचलेले नाही. काहींत वहीची भाषा आधी ठरवावी लागते, आणि मराठी विद्यार्थ्याच्या वहीत तर एकाच ओळीत देवनागरी वाक्य आणि रोमन लिपीतली संज्ञा शेजारी बसतात. म्हणून मराठीत लिहिणाऱ्यासाठी ॲपची पहिली परीक्षा जाहिरातीतल्या भाषांच्या यादीपेक्षा प्रत्यक्ष वापरातच होते: आपल्या रोजच्या अक्षरात, रफार आणि जोडाक्षरे असलेले पाच-सहा शब्द लिहावेत, आणि दुसऱ्या दिवशी ते शोधून पाहावेत.

दुसरी परीक्षा टिकाऊपणाची आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद आज जो कोणी मोडी शिकेल त्याला वाचता येतात. त्यासाठी लिहिणाऱ्या कारकुनाची, त्याच्या बोरूची किंवा कागद बनवणाऱ्याची परवानगी लागत नाही. स्ट्रोकच्या फाइलचे तसे नाही. ती कोणत्या रचनेत साठवली आहे हे बहुधा ॲप बनवणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि ॲप गेले की वाचण्याची किल्लीही जाते. 2002 मध्ये ज्या विंडोज जर्नलने शाईला मान दिला, तेच जर्नल सुरक्षेच्या कारणावरून 2016 मध्ये विंडोज 10 मधून काढण्यात आले. जुनी टिपणे उघडण्यासाठी ते वेगळे उतरवून घ्यावे लागले. किल्ली हाती असलेल्याने अटी बदलल्याचीही उदाहरणे आहेत. नोटॅबिलिटीने नोव्हेंबर 2021 मध्ये एकदाच्या विक्रीऐवजी वर्गणी सुरू केली, आणि आधी पैसे भरलेल्यांच्या सोयी मर्यादित होणार असे दिसताच इतका संताप उसळला की काही दिवसांत तिने त्यांच्यापुरता निर्णय मागे घेतला. एव्हरनोटने विनामूल्य वापर 2016 मध्ये दोन उपकरणांपुरता आणि 2023 मध्ये 50 टिपणांपुरता आणला. कंपन्यांना खर्च असतो आणि वर्गणी मागणे गैर नाही. परंतु दहा वर्षांची टिपणे ज्या फाइलीत अडकली आहेत तिचा मालक कोण, हा प्रश्न वर्गणीच्या रकमेहून मोठा आहे.

या अडचणीवर उपाय सुचलाच नाही असे नाही. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने सप्टेंबर 2011 मध्ये इंकएमएल ही स्ट्रोक साठवण्याची खुली रचना प्रमाणित केली, आणि ती घडवण्यात बंगळुरूच्या एचपी प्रयोगशाळेतील मंडळींचा वाटा होता. लेखणीचे स्थान, दाब, कल आणि वेळ या सगळ्यांची नोंद तिच्यात साध्या वाचनीय मजकुराच्या रूपात होते. मायक्रोसॉफ्टने वननोटच्या फाइलची रचना प्रसिद्ध केली आहे. गणितज्ञ डेनिस ऑरू यांच्या झूर्नालपासून निघालेली झूर्नाल++ ही मुक्त प्रणालीही आपली पाने खुल्या रचनेत ठेवते, आणि थोडे तांत्रिक ज्ञान असलेल्या कोणालाही ती दुसऱ्या साधनाने उघडता येतात. व्यापारी ॲपे मात्र बाहेर काढण्यासाठी बहुधा पीडीएफ देतात. पीडीएफमध्ये पान जसे दिसते तसे राहते, आणि ते उद्याही उघडेल याची बरीच खात्री असते. पण रेघ कोणत्या क्रमाने आणि केव्हा उमटली हे त्यात राहत नाही, तिच्याशी जोडलेला आवाज सुटतो, आणि ती पुन्हा वहीत घेतली तर पूर्वीसारखी शब्दाशब्दाने हलवता किंवा खोडता येत नाही. इंकएमएलच्या रूपात वही बाहेर देणारी लोकप्रिय ॲपे अजूनही दुर्मिळ आहेत.